निवाऱ्यातली कंडक्टरीण

"जागा आसा, मन मोठा करा!"

एवढं ओरडून ती तिकिटाचं मशीन काखेत मारायची आणि कोपराने दोन माणसांच्या मधून वाट काढायची. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी हेच वाक्य. मालवणच्या स्टँडवरून किनाऱ्याच्या गावांकडे जाणारी सकाळची एसटी तुम्ही कधी पकडली असेल, तर तुम्हालाही तिने मन मोठं करायला लावलं असेल. सगळे तिला कंडक्टरीण म्हणत. नाव घ्यायची वेळ कुणावर येत नसे.

मी त्याच गाडीने शाळेत शिकवायला जायचे. तिच्या अंगात खाकी ड्रेस, वर खाकी कोट आणि दिवस असले तर केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर. तिचे वडील किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे होते, त्यामुळे वाऱ्यावर हाक मारायचा आवाज तिला घरातूनच मिळाला होता.

एकदा एक माणूस कॉलेजच्या मुलीच्या अंगावर सारखा कलत होता. गाडी वळणावर नसतानाही कलत होता. तिने काही विचारलं नाही. त्याच्यापुढे जाऊन स्वतःचा डबा, छत्री आणि बाजाराची पिशवी त्याच्या हातात दिली.

"धर रे वायच. दोनी हातांनी धर. आत बांगडे आसत, सांडशीत."

तो शेवटच्या स्टॉपपर्यंत तसाच उभा. उतरताना तिने पिशवी घेतली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बघ, सरळ उभो रवाक येता तुका." ती मुलगी खिडकीकडे तोंड करून हसत होती.

मी एकदा तिला लग्नाचं विचारलं होतं. "एक माणूस जल्मभर फुकट न्यावचो? माका परवडाचा नाय, बाईंनू." आईवडील गेल्यावर समुद्राकाठच्या वाडीत ती एकटीच राहायची. ती वाडी माझ्या शाळेच्या गावातली. म्हणून पुढचं सगळं मला माहीत आहे.

त्या वर्षी वादळाची सूचना आली आणि अख्खी वाडी माझ्या शाळेत आणून ठेवली. दोन वर्ग, एक व्हरांडा, पोषण आहाराची खोली, आणि मागच्या अंगाला संडास. सगळी व्यवस्था भाऊकडे होती. भाऊ म्हणजे वाडीतल्या मंडळाचा अध्यक्ष. जनरेटर त्याचा, टेम्पो त्याचा, तांदळाच्या गोणी त्यानेच चार ठिकाणी शब्द टाकून आणलेल्या. हे खोटं नव्हे. माणसं पोटभर जेवली ती त्याच्यामुळेच.

कंडक्टरीण आली ती भिजून चिंब. आल्या आल्या मुलींच्या संडासाकडे गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "बाईंनू, आतली कडी खय?" कडी तुटलेली होती. मग ती बायकांच्या घोळक्यात बसली आणि थोड्या वेळाने पुन्हा उठली. "ह्येंनी सकाळपासून पाणी पिऊचा सोडल्यानी," ती म्हणाली. "जावचा पडात म्हणून."

तिने कोटाच्या खिशातून शिट्टी काढली.

"चला, संडासाची गाडी लागली! लेडीज स्पेशल! एकटी कोण जाऊची नाय. जागा आसा, मन मोठा करा!"

बायका हसत उठल्या. पुढे ती बॅटरी घेऊन, मागे सुना, सासवा, लेकरं. बायका आत गेल्या की ही दाराला पाठ लावून उभी. परत येताना शिट्टी. दिवसभर अशा किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. नंतर बायकांनी एक वर्ग आपल्यासाठी मागून घेतला आणि त्याच्या दाराला आतून लाकडी ओंडका लावला. ओंडका तिनेच शोधून आणला होता.

व्हरांड्यातल्या पुरुषांना मोठी करमणूक झाली. भाऊही हसला. "कंडक्टरणी, हय काय वाघ बसलो आसा?"

"वाघ परवडलो, भाऊ," ती म्हणाली. "तो डरकाळी तरी मारता."

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. वाडीतल्या बहुतेक छपरांची कौलं उडाली होती. पोषण आहाराच्या खोलीतून भाऊ तांदूळ, डाळ आणि ताडपत्र्या वाटू लागला. ज्यांच्या घरात बापयो माणूस होता त्यांना दारातच मिळालं. बाकीच्या बायकांना तो म्हणाला, "तुमी मागसून येवा, निवांत देतंय."

त्यात संजना होती. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, फोन बंद पडलेले. तान्हं मूल सासूच्या मांडीवर देऊन ती आत गेली.

कंडक्टरणीची सवय तुम्हाला सांगायला हवी. गाडी असो की शाळा, चढलेलं माणूस उतरलं की नाही ते ती डोळ्यांनी बघत राहायची. ती बोलता बोलता थांबली. "संजना खय?" आणि सरळ त्या बंद दाराकडे गेली.

आत काय चाललं होतं ते तिने एकटीने पाहिलं. आम्ही बाहेरच्यांनी पाहिलं ते हे: दार धाडकन उघडलं, तिने भाऊला गळपट्टीला धरून पटांगणात ओढलं आणि चिखलात ढकललं. मागून संजना आली. ब्लाउज खांद्यावर फाटलेला. हातात तूरडाळीची पिशवी तशीच घट्ट धरलेली.

"ह्येणा चेडवाक धरलेल्यान!" कंडक्टरीण ओरडली. "दार लावून धरलेल्यान! बघितलास मा सगळ्यांनी?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी हललं नाही. तेवढ्यात ज्याचं घर पुरतं उघडं पडलं होतं असा एक म्हातारा हळूच म्हणाला, "मगे आता ताडपत्री कोण देतलो?"

तो वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या त्या एका प्रश्नाने पटांगणातलं वारं फिरलं. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. भाऊ चिखल झटकत उठला. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "माका कित्याक विचारतास? तिकाच विचारा."

संजनाची सासू मूल काखेला मारून पुढे आली आणि तिने सगळ्यांदेखत सुनेच्या थोबाडीत मारली. "सांग. काय झाला सांग."

संजना कंडक्टरणीकडे बघत होती. मग खाली मान घालून म्हणाली, "काय नाय झाला."

भाऊने खोलीत जाऊन पुन्हा वाटप सुरू केलं. पहिली ताडपत्री त्याने संजनाच्या सासूला दिली. ती तिने घेतली.

आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. तिने पाहिलेलं सांगितलं, मी पाहिलेलं सांगितलं. पोलीस वाडीत आले, संजनाला विचारलं. सासू शेजारी बसली होती. संजना म्हणाली, काही झालं नाही, ब्लाउज खिळ्याला अडकून फाटला. विषय तिथेच संपला.

संपला तो पोलिसांपुरता. वाडीत तो वर्षभर चालला. कंडक्टरणीच्या छपरावर चढायला कौलं शाकारणारा एकही माणूस तयार झाला नाही. ज्याला विचारावं त्याला भाऊचं काम असायचं. पावसाळाभर ती न गळणाऱ्या एका कोपऱ्यात झोपली. तिला कुणी मासळी विकेना, विहिरीवर तिची कळशी बाजूला सारली जाऊ लागली. बसमध्ये माणसं पैसे पुढे करत, गावाचं नाव सांगत नसत. ती तिकीट फाडून हातात द्यायची, अचूक. डेपोत तिच्याविरुद्ध तक्रारी गेल्या, चौकशीत काही निघालं नाही, तरी दर खेपेला जाऊन उभं राहावं लागलंच. बापयांच्या अंगावर जाते, डोकं फिरलंय, एकटी बाई म्हणजे असंच व्हायचं, असं लोक बोलत. यात सगळ्यात पुढे बायका होत्या. ज्यांना ती पावसात संडासाला घेऊन गेली होती त्याच.

संजना तिला बघून रस्ता ओलांडायची.

"राग येत नाही?" मी एकदा विचारलं.

"तिचो राग? तिका त्याच घरात रवाचा आसा, बाईंनू. माका निदान गाडीत बसून जाऊक गावता."

त्या वर्षभरात तिचा आवाज मात्र बसला. गाडीत माणसं तशीच दाटीवाटीने उभी असत, ती कोपर न वापरता मधेच थांबून राहायची.

पुढच्या वर्षी पुन्हा सूचना आली. मी ग्रामसभेत उभी राहिले. निवाऱ्याची व्यवस्था भाऊकडे नको, वाटप दारातच व्हावं, बायकांच्या बाजूला एखादी महिला पोलीस असावी. कुणीतरी मागून म्हणालं, "मगे जनरेटर बाई आणतली काय?" सभा हसली. सूचना मागे पडली. मी आणि कंडक्टरणीने संडासांना नव्या कड्या बसवल्या, तेवढंच हातात होतं.

वाडी पुन्हा शाळेत आली. गेटवर भाऊ, हातात भोंगा. संजनाची सासू नातवाला घेऊन आली, एकटीच.

"सून खय?" कंडक्टरणीने विचारलं. वर्षभरात ती या बाईशी पहिल्यांदा बोलत होती.

"गोठ्यात म्हस आसा. तिच्याकडे रवली."

कंडक्टरीण सासूकडे बघत राहिली. मग गेटवरच्या भाऊकडे तिने बघितलं. आमचं दोघींचं एकाच वेळी लक्षात आलं. संजनाला वादळापेक्षा शाळेचं भय जास्त होतं.

"मी तिका घेऊन येतंय," ती म्हणाली. वारा सुटला होता, माडांचे शेंडे पार वाकत होते. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि पाणंदीने खाली गेली. मी तिला पाहिलं ते तेवढंच.

पुढचं मला संजनाने सांगितलं.

कंडक्टरीण घरात शिरली आणि म्हणाली, "ऊठ गो चेडवा." संजना म्हणाली, "मी त्या शाळेत येवचंय नाय. मरान पण येवचंय नाय." कंडक्टरणीने आग्रह केला नाही. उंबऱ्यावर थोडी टेकली, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "बरा. मगे मी पण हय रवतंय." तिने संजनाला आतल्या कोपऱ्यात, जड लाकडी पलंगाखाली बसवलं. स्वतः वाऱ्याने उघडणारं दार पाठीने दाबून बसली. दोघी थोडं बोलल्या. संजनाने माफी मागायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "ता आता ऱ्हवांदे. पोरग्याचे दात इले?"

आधी छप्पर गेलं. मग माड पडला, तो नेमका दारावरच्या चिऱ्यांच्या भिंतीवर. पलंग टिकला. ती कमरेखाली चिऱ्यांत अडकली.

ती लगेच गेली नाही. संजनाने हाताने चिरे काढायचा प्रयत्न केला, नखं गेली, चिरे हलले नाहीत. घरातली कळशी फुटली होती. तिने पाणी मागितलं, तेव्हा संजनाने वरून पडणारा पाऊस ओंजळीत धरून तिला पाजला. रस्त्यावर झाडं आडवी पडलेली, हाकेला यायला वाडीत कुणी नव्हतं. शाळेत सगळे होते. शाळेत त्या वेळी भात वाढत होते.

माणसं पोचली तेव्हा संजना ओंजळ पुढे धरूनच बसली होती.

शोकसभा शाळेच्या पटांगणातच झाली. भाऊने बॅनर लावला होता. त्यावर तिचा डेपोतल्या ओळखपत्रावरचा फोटो, शेजारी हात जोडलेला भाऊ, तिच्या दुप्पट आकाराचा. खाली लिहिलं होतं, मुक्या जनावराचा जीव वाचवताना वीरमरण. भाऊ शुद्ध मराठीत बोलला. "आपल्या वाडीची ही वाघीण एका म्हशीसाठी धावून गेली. असं काळीज आता कुठे मिळतं?" त्याचा आवाज भरून आला. जिने तिची कळशी सारली होती ती बाई पदराने डोळे पुसत होती. सगळे रडले, आणि मला वाटतं, खरंच रडले. म्हशीची गोष्ट सगळ्यांच्या सोयीची होती. भाऊच्या तर होतीच, सासूच्याही, आणि त्या पटांगणात गेल्या वर्षी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या.

संजना शेवटच्या रांगेत होती. बोटांना पट्ट्या. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी ती दारात येऊन उभी राहिली. मूल कडेवर, हातात कपड्यांची पिशवी. सासूने घालवून दिलं की ती स्वतः निघाली, ते मी विचारलं नाही.

"बाईंनू," ती म्हणाली, "ती म्हशीक नाय इली होती."

"मला माहीत आहे."

"तुमका माहीत आसा. तेंका सांगूक व्हया."

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागच्या, नुकत्याच बदलून आलेल्या महिला पोलिसाने तिला खुर्ची दिली, मुलाला बिस्किट दिलं. ऑफिसात बोलायचं म्हणून संजना अडखळत शुद्ध बोलायला लागली आणि दोन वाक्यांनंतर आपल्या भाषेवर आली. मग मात्र ती थांबली नाही. खोली, बंद दार, डाळीची पिशवी, सासूची थप्पड, सगळं तिने सांगितलं. भाऊचं पूर्ण नाव सांगितलं.

"तेव्हा तुम्ही काही झालं नाही म्हणाला होतात," जुन्या वहीत तेवढीच एक ओळ होती ती वाचून महिला पोलीस म्हणाली. तिचा स्वर वाईट नव्हता.

"होय. तेव्हा खोटा सांगितलंय."

"आत काय झालं ते पाहिलेलं दुसरं कोणी आहे?"

संजनाने होकाराची मान हलवली. आणि मग तिने कंडक्टरणीचं नाव सांगितलं. तिचं, तिच्या वडिलांचं, आडनाव, सगळं. इतक्या वर्षांत ते पुरं नाव मी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकत होते.

महिला पोलिसाने ते लिहून घेतलं आणि मान वर केली.

"त्यांना बोलावता येईल का?"

संजनाने माझ्याकडे पाहिलं. मूल तिच्या बोटांवरची पट्टी ओढत होतं.

"नाय," ती म्हणाली. "पण तुमी नाव लिवलेला ऱ्हवांदेत."