पुसलेल्या पंधरा ओळी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहीत होतो. विषय झाला होता, संदर्भ झाला होता, पहिला परिच्छेद अर्ध्यावर होता. "भाऊजी, हे गेले... सकाळी चहा घेतला आणि गेले," एवढेच वहिनी बोलल्या. मी पेनाला टोपण लावले. आयुष्यात मी अर्धवट सोडलेले ते पहिलेच पत्र असावे. दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली, 'संगणकशिक्षक यशवंतराव यांचे निधन'. त्या बातमीला माझी हरकत आहे. यशवंतराव शिक्षक झाले ते नंतर, नाइलाजाने. ज्या कामासाठी त्यांचे नाव घ्यायला हवे, ते काम वाळूजच्या एका कारखान्यात पुसून टाकण्यात आले. आणि नेमके काय पुसायचे, कोठे पुसायचे, हे पुसणाऱ्यांना मी कळवले होते. लेखी, पोचपावतीसह.

आमची ओळख नामांतराच्या वादातून झाली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला होता आणि त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली होती. मी त्या कारखान्याच्या भांडार विभागात मुख्य कारकून. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कायद्याची पदवी घेतलेली, पण काळा कोट कधी अंगावर चढवला नाही. सहकाऱ्यांच्या खातेचौकशीत त्यांची बाजू मांडणे आणि वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणे, एवढीच माझी वकिली. संमत ठराव न पाळणे हा विधिमंडळाचा अवमान आहे, असे मी एका पत्रात सणसणीत भाषेत लिहिले. ते छापून आले त्या दिवशी कॅन्टीनमध्ये संगणक विभागातला एक सडपातळ गृहस्थ माझ्यासमोर ताट ठेवून बसला. त्या दिवसांत कॅन्टीनची टेबलेसुद्धा वाटली गेली होती. आपल्या टेबलावरून उठून दुसरीकडे बसणे, हीदेखील एक भूमिका ठरे.

"वकीलसाहेब तुम्हीच ना? पत्र वाचलं."

"मग? कसं वाटलं?"

"मुद्देसूद आहे. कलमं लई आहेत त्यात," भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "माणूस मात्र एकबी नाय."

मला राग आला. मला राग फार लवकर येतो, हे या पुरवणीच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पण त्यांनी शांतपणे पुढे जे सांगितले, त्यावर माझ्याजवळ कलम नव्हते. दंगलीच्या दिवसांत त्यांच्या गावी त्यांच्या वस्तीला आग लावली गेली. घर गेले, आईचे तांब्यापितळेचे गेले, त्यांची शाळेपासूनची प्रमाणपत्रे गेली. "लोक येणार हे गावातल्या चार-पाच घरांना दुपारीच माहीत होतं," ते म्हणाले. "ते काही आग लावणारे नव्हते. चांगली माणसं. आमच्या अण्णांबरोबर बसणारी, तंबाखू मागून खाणारी. पण वस्तीपर्यंत चालत येऊन कुणी सांगितलं नाय. वकीलसाहेब, त्याला कोणतं कलम लागतं?"

हे मी येथे लिहितो, कारण त्यांचे सारे काम त्या एका गोष्टीतून निघाले होते, असे मला आता वाटते. कारखान्यात लोखंडी पत्रे दाबणाऱ्या प्रेसची एक मोठी रांग होती आणि ती संगणकावर चाले. त्या संगणकाचा गाभा, म्हणजे त्याच्या सर्व कामांवर देखरेख करणारा मूळ प्रोग्रॅम, कारखान्याने मूळ लिखाणासकट विकत घेतला होता आणि प्रेससाठी लागणारा भाग त्यात यशवंतरावांनी स्वतः लिहिला होता. अशा लिखाणात यंत्राला दिलेल्या आज्ञा असतात आणि त्यांच्या मधे मधे माणसांसाठी लिहिलेले शेरे असतात. यंत्र ते शेरे वाचत नाही. शेरा असला काय आणि नसला काय, यंत्र तेच करते. गाभा नव्याने बांधताना तो एकेक प्रश्न विचारतो, ही सोय हवी की नको? उत्तर सुचत नसेल तर प्रश्नचिन्हाची कळ दाबायची, म्हणजे मदतीचा मजकूर समोर येतो. हे शेरे आणि हा मजकूर बहुतेक अभियंते वेठबिगारीसारखे उरकतात. यशवंतराव आज्ञा लिहायला एक तास घेत आणि शेरा लिहायला अख्खी दुपार. तोही मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती.

"साहेब म्हणाले, इंग्रजीत लिहा," ते एकदा हसत मला सांगत होते. "मी म्हटलं, साहेब, ज्यांना इंग्रजी येतं ते वाचत नाहीत. आणि जे वाचतील त्यांना मराठी बरं पडतं."

"पण यंत्र जे वाचतच नाही, त्याच्यासाठी इतकी मेहनत कशाला?"

"यंत्राला कुठं बोटं आहेत, वकीलसाहेब?"

त्या रांगेत एक सोय होती. ती चालू केली की प्रेसकडून येणारे इशारे संगणक एकेक न घेता गठ्ठ्याने घेई, आणि काम झपाट्याने होई. पण त्या गठ्ठ्यात 'हात आत आहे' हा इशाराही अडकून पडे. यशवंतरावांनी त्या सोयीच्या वर पंधरा ओळींचा शेरा लिहिला होता आणि तोच मजकूर मदतीतही ठेवला होता. उत्पादन वाढवण्याची घाई होती. नामांतर झाले त्याच्या आदल्या वर्षी, यशवंतराव रजेवर असताना, गाभा नव्याने बांधला गेला आणि त्या प्रश्नाला कुणीतरी 'हो' असे उत्तर दिले. चौथ्या दिवशी कडुबाळचा उजवा हात प्रेसमध्ये होता. कडुबाळ प्रेसवरचा कामगार, लासूर स्टेशनजवळच्या मेंढपाळाच्या घरातला. घरात पहिलाच पगारदार. त्याची दोन बोटे गेली.

आरोपपत्र यशवंतरावांना मिळाले. धोकादायक सोय लिहिली आणि तिच्याबद्दल कोणतीही सूचना दिली नाही, असा आरोप. कॅन्टीनमध्ये लोक ऐकू जाईल इतपत हळू बोलत, "राखीव जागेवरून आलेले. असंच व्हायचं." मी ताट ढकलून उठलो आणि त्यांची बाजू मांडण्याचे काम मागून घेतले.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

निलंबनाचा आदेश सोमवारपासून लागू होणार होता. त्या दिवशी गुरुवार होता. माझ्या घरी, ओसरीवर बसून यशवंतराव म्हणाले, "माझा पास शनिवारपर्यंत चालतो. उद्या जातो, ती पानं छापून आणतो. काम फत्ते."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "चोरून आणलेला कागद चौकशीत फेकून देतील, वर चोरीचा आरोप ठेवतील. आपण रीतसर मागणी करू. मूळ लिखाण हजर करण्याची."

"अहो, मागणी करायला सांगावं लागेल ना, काय हजर करा ते?"

"अर्थात. मोघम मागणीला कायद्यात किंमत नाही. फाइलचं नाव सांगा. ओळ कितवी ते सांगा."

ते म्हणाले, "पत्र नको, वकीलसाहेब. माझं ऐका. या वेळेला पत्र नको."

मी ऐकले नाही. मी त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातले सर्वांत निर्दोष पत्र लिहिले. 'सदर फाइलमधील ओळ क्रमांक २१२ ते २२६, तसेच त्याच सोयीचा मदतीचा मजकूर, चौकशी अधिकाऱ्यांसमोर हजर करण्यात यावा.' मसुदा तीनदा वाचला. एकही पळवाट ठेवली नव्हती. शुक्रवारी सकाळी आवक विभागात दिले, पोच घेतली, शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून पुन्हा मारून घेतला. यशवंतराव त्या दिवशी कारखान्यात गेले, तर संगणक विभागाच्या दारावर नवे कुलूप होते.

चौकशीच्या दिवशी कारखान्याच्या बाजूने छापील पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवण्यात आला. चौकशी अधिकारी सभ्य गृहस्थ होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांनी माझे पत्र समोर धरले, पाने उलटली, बोट ठेवले आणि म्हणाले, "ओळ दोनशे बारा. येथे तर आज्ञाच दिसतात. तुम्ही म्हणता तो मजकूर कोठे आहे?"

मी पान ओढून घेतले. शेरा नव्हता. रिकामी जागासुद्धा नव्हती. खालच्या आज्ञा सरळ वर सरकून बसल्या होत्या. मदतीच्या फाइलमध्ये त्या सोयीसमोर एवढेच होते, 'कामाचा वेग वाढतो.'

"हे काढलेलं आहे! हा पुराव्याचा नाश आहे!" मी ओरडलो. माझा आवाज बाहेर भांडार विभागापर्यंत गेला, असे नंतर लोकांनी सांगितले.

"आपण बसा. कोणी काढले? केव्हा काढले?"

यंत्र चालवून काही सिद्ध करता येत नव्हते, कारण शेऱ्यावाचून यंत्र तसेच चालत होते. लिखाणाच्या जुन्या प्रती ज्यांवर होत्या त्या संगणकाच्या फिती कुलपाआड होत्या, आणि 'उपलब्ध नाहीत' असे उत्तर आले. यशवंतराव माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या बाहीला हात लावला आणि हळूच म्हणाले, "बसा. पाणी प्या." त्यांची नोकरी त्या क्षणी गेली होती आणि ते मला पाणी देत होते.

बडतर्फीनंतर पुढे लेबर कोर्ट झाले, अपील झाले, सारे झाले. पुरावा नव्हता. त्यांनी उस्मानपुऱ्यात एक खोली घेऊन संगणकाचे वर्ग सुरू केले. काही वर्षांनी जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही वाचता येईल असा गाभा त्यांच्या हाती आला, तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले होते. "याच्या प्रती हजारो घरांत आहेत, वकीलसाहेब. कुणाकुणाच्या घरात जाऊन पुसतील?" मी मान हलवली. या काळात मी जागोजागी, भाषणांत आणि पत्रांत, कारखान्याने शेरा पुसल्याचे सांगितले. पुसण्याआधी मी काय लिहिले होते, हे कोठेही सांगितले नाही.

त्यांनी मला दोष दिला नाही. एकच मागणे मागितले, तेही तीन-चार वेळा. "कडुबाळला एकदा सांगा. त्याला वाटतं, माझ्यामुळं त्याची बोटं गेली. कोर्टाचं जाऊ द्या. त्याला तेवढं कळू द्या." मी म्हणायचो, "योग्य वेळी सांगतो." ती वेळ यावी असे मला वाटत नव्हते, कारण कडुबाळने पहिला प्रश्न पुराव्याचाच विचारला असता.

ते गेल्यानंतर अठराव्या दिवशी मी लासूर स्टेशनला गेलो. कडुबाळ आता साठीला टेकला आहे. घराच्या मागे मेंढ्यांना पाला टाकत होता. ओळख पटायला वेळ लागला. मी उभ्यानेच सारे सांगितले, पत्रासकट. तो पाला टाकतच राहिला.

"म्हंजे लिवलं व्हतं त्यानं," शेवटी तो म्हणाला.

"होय."

"आन् कुठं लिवलंय ते तुम्ही कळवलं. त्यास्नीच."

"होय."

"काका, मेंढराचा माग लांडग्याला कुणी लिवून देतंय का?"

तो मेंढ्यांकडे पाहत बोलू लागला, "तो आल्ता एकदा हितं. वर्सं झाली. म्हनला, कडुबाळ, मी लिवून ठिवलं व्हतं रं. म्या म्हनलं, दाखीव. तर गप. म्या म्हनलं, कुठं गेलं मंग? तर गप. खाली मान घालून उभा. म्या आईवरून शिव्या दिल्या त्याला, काका. पार फाट्यापतूर शिव्या देत गेलो त्याच्या मागं... पर तुमचं नाव नाय घेतलं त्यानं."

कडुबाळने बाज पुढे सरकवली नाही, मी दगडावर बसलो.

"आता काय करू, सांग," मी म्हणालो.

"तुम्ही पेपरात लिवता म्हनं लई. मंग लिवा की. तुमच्या नावानं. आन् त्यानं काय लिवलं व्हतं, ते बी लिवा. मला कुठं वाचाया भेटलं ते?"

म्हणून हे लिहिले. मी हे उस्मानपुऱ्यातल्या त्या खोलीत, त्यांच्या टेबलाशी बसून लिहितो आहे. वहिनींनी मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "काही खोडू नका." एक उपकार माझ्या रागीट स्वभावाने केला आहे. त्या पंधरा ओळी मी त्या गुरुवारी यशवंतरावांकडून तोंडी ऐकल्या आणि नंतर न्यायालयात म्हणता याव्यात म्हणून संतापाने घोकत राहिलो. न्यायालयाने त्या ऐकून घेतल्या नाहीत. त्या येथे, कडुबाळसाठी, नोंदवतो.

'ही सोय चालू केली तर काम वेगाने होते. ते खरे आहे. पण इशारे गठ्ठ्याने येतात, आणि हात आत असल्याचा इशाराही गठ्ठ्यातच थांबतो. तेवढ्या वेळात प्रेस खाली येतो. मी तीनदा लाकडी फळी ठेवून पाहिले, तीनदा फळी तुटली. प्रेसच्या रांगेवर ही सोय चालू करू नये. वरून कोणी सांगितले तरी करू नये, त्यांना हे वाचून दाखवावे. उत्तर काय द्यावे कळत नसेल तर नाही म्हणावे. तरीही शंका उरली तर मला येऊन विचारावे, किती वेळा विचारले तरी चालेल. मी शेजारच्याच खोलीत बसतो. यशवंत.'