उतरत्या खांद्याचा शर्ट

मास्तरीण आणि काजवाली यांच्या दुकानात पुरुषांचे कपडे शिवत नसत. सात वर्षांपूर्वी मास्तरणीचा नवरा दुसरीबरोबर चालता झाला, तेव्हा तिची मैत्रीण काजवालीने तिला चार दिवस मनसोक्त रडू दिलं आणि पाचव्या दिवशी हातात कात्री दिली. पुढे दोघींनी मिळून दुकान थाटलं, तेव्हाच हा नियम ठरला. कापायचं मास्तरणीने, काज-बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांशी भांडणं काजवालीने. मापांची एक जाडजूड वही होती. तिच्या शेवटच्या पानावर 'घरचे' असं लिहून खाली फक्त या दोघींची मापं होती. वहीत नाही त्याचं कापड कापायचं नाही, याबाबतीत मास्तरीण महाकडक.

समोर चष्म्यांचं दुकान. चष्मेवाला विधुर, पन्नाशी उलटलेला, बोलण्यात अगदी काटकसरी. काजवालीचा चष्मा त्याने एकदा नीट करून दिला आणि मग त्या चष्म्याचे स्क्रू दर आठवड्याला सैल होतात की काय हे बघायला तो चार वाजता, नेमका चहाच्या वेळी, येऊ लागला. असे सात महिने गेले. गेल्या सोमवारी काजवाली बाहेर गेलेली असताना त्याने मास्तरणीला सरळ विचारलं, "लग्न कराल का माझ्याशी? शनिवारपर्यंत सांगा. नाही म्हणालात तरी चष्मा बघायला येईनच."

मास्तरीण त्या दिवशी कितीतरी वेळा आरशासमोरून गेली, आणि संध्याकाळी तिने नाही म्हणायचं ठरवलं. तो तिला आवडत होता, त्यात काही लपवण्यासारखं नव्हतं. पण नवरा आपल्याला टाकून गेला तशा आता आपण काजवालीला टाकून जाणार, हे तिला पटेना. काजवालीला तिने यातलं अवाक्षरही सांगितलं नाही. नुसतं नाही म्हणणं बरं दिसणार नाही, म्हणून तिने त्याच्यासाठी एक निळा शर्ट तेवढा शिवायला घेतला.

शुक्रवारी सकाळी ब्लाऊजांच्या गठ्ठ्यात तो शर्ट काजवालीच्या हाती लागला. तिने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, पण असलं माप कुठेच सापडलं नाही. मग ती खाली बसली, काजं केली, बटणं लावली आणि दुकानात येणारा पुरुष एकच, म्हणून शर्ट घेऊन तडक समोर चष्मेवाल्याकडे गेली. मास्तरीण काचेआडून बघत राहिली. तिच्या हातातला खडू मोडला.

काजवाली परत आली ती गंभीर चेहऱ्याने.

"डावा खांदा अर्धा इंच उतरता कापलायस. त्याचा तसाच आहे. टेप न लावता हे कसं कळलं गं तुला?"

मास्तरणीने खडूचे तुकडे टेबलावर ठेवले. मग तिने सोमवारपासूनचं सगळं सांगून टाकलं, शनिवारचा नकारसुद्धा. काजवालीने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि सुईत दोरा ओवला. तिला वाईट वाटलं होतं. लग्नाचं नव्हे, आपल्याला सांगितलं नाही याचं, असं ती म्हणाली. वर, एवढा अंगाबरोबर शर्ट शिवून नकार द्यायचा म्हणजे कापडाची नासाडी, हेही सुनावलं.

"तू एकटी पडशील," मास्तरीण म्हणाली.

"समोर तर जाणार आहेस बाई. रस्ता ओलांडायला गाडी लागते का?"

काजवालीने वहीचं शेवटचं पान उघडून पुढ्यात ठेवलं. मास्तरणीने 'घरचे'च्या खाली तिसरं माप लिहिलं, छातीपासून बाहीपर्यंत, एकदाही न अडता. डोळे भरून आल्याने शेवटचा आकडा तेवढा वाकडा आला.

उत्तर शनिवारी द्यायचं होतं. मास्तरीण शुक्रवारीच रस्ता ओलांडून गेली. चहाला परत येते, असं सांगून.