पितळेचा काळा रंग

फरशी पुसायच्या औषधातून अमोनियाचा वास आला आणि मला कुंभकोणमची आमची मागची पडवी आठवली. स्वातंत्र्याला आठदहा वर्षं झाली होती. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी सून. मामंजींच्या बंदुकीच्या चापाभोवतीची पितळी पट्टी सासूबाई दर शुक्रवारी दिव्यांबरोबर चिंचेनं घासत, आणि तळ्याकाठी तिची चमक दिसताच बदकं उडून जात. शेवटी मामंजींनी मला विचारलं, “तुझ्या शास्त्रात हिला काळं करायची सोय आहे काय गे?” मोरचूद आणि धुण्याच्या सोड्यापासून केलेली हिरवी भुकटी मी अमोनियात विरघळवली आणि नाकाला पदर लावून पट्टी त्या गडद निळ्या पाण्यात बुडवली. बघता बघता ती काळी झाली. धुऊन, वाळवून वर लाखेचं पातळ रोगण दिलं. शुक्रवारी सासूबाईंनी ती चिंचेनं तासभर घासली, पण रंग हलला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, तेव्हा मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण मामंजी बाहेर गेल्याचं पाहून त्या हळूच म्हणाल्या, “हे केसांस लावलं तर चालेल काय गे?” मला हसू आवरेना, मग त्याही हसल्या. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी झाल्यावर मात्र वाटतं, त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं होतं.