भाऊंनी दाबलेलं लाल बटण

आमच्या जिल्ह्यातून एकदाच निवडून गेलेल्या एका खासदारांचा मी पाच वर्षं स्वीय सहायक होतो. त्या पाच वर्षांतल्या एका दुपारी नेमकं काय झालं, ते मी तिथे हजर असूनही मला आजवर उलगडलेलं नाही.

माझं घर मोहाडीचं. वडील कोसा रेशमाचं कापड विणायचे. मी मागावर बसलो नाही. टायपिंग शिकलो आणि तहसील कार्यालयासमोर अर्ज टाईप करून देण्यासाठी टेबल टाकलं. भाऊ तिथेच भेटले. सगळेच त्यांना भाऊ म्हणत. एकोडीकडचे धानाचे शेतकरी, आधी सरपंच, मग दोनदा जिल्हा परिषदेत. सासऱ्यांच्या जमिनीच्या फेरफारासाठी ते मोहाडीला आले होते. त्यांनी अर्धा तास तोंडी मजकूर सांगितला आणि मी तो अर्ध्या पानात बसवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मी एवढं बोललो अन् तू एवढंसंच लिवलं. पण सुटलं काही नाही," म्हणाले.

त्यानंतर ते आपली सगळी पत्रं माझ्याकडूनच लिहून घेऊ लागले. पुढे पक्षातल्या दोन मोठ्या माणसांचं लोकसभेच्या तिकिटावरून जुळेना. दोघांनाही न खुपणारा माणूस म्हणून भाऊंचं नाव पुढे आलं, आणि ते निवडूनही आले. निकालाच्या दिवशी गुलालानं माखलेल्या चेहऱ्यानं त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "आता काय करावं लागते रे?" मला तरी कुठे ठाऊक होतं!

दिल्लीत आम्ही दोघंही शिकत गेलो. भाऊ सभागृहात कमी बोलत. पण गावाकडून आलेलं एकही पत्र उत्तराशिवाय राहू देत नसत. तलावाचा गाळ, रेल्वेचा थांबा, कुणाचं अडलेलं पेन्शन, सगळं ते स्वतः वाचत. पक्षाचा आदेश आला की त्याप्रमाणे मतदान करत. मतदानाच्या दिवशी गोंधळ नको म्हणून मी त्यांना एक चिठ्ठी लिहून देत असे: कोणत्या वेळी कोणतं बटण दाबायचं. हिरवं म्हणजे बाजूनं, लाल म्हणजे विरोधात.

चौथ्या वर्षी जंगलाच्या जमिनी खाणींना देण्याबद्दलचं एक विधेयक आलं. जंगलालगतच्या नाकाडोंगरीकडची मंडळी आधीच येऊन भेटून गेली होती. आमच्या ग्रामसभेला विचारल्याशिवाय जमीन जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. भाऊंनी त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि "पाहू" म्हणाले. ते 'पाहू' म्हणजे हो की नाही, हे मला कधीच ओळखता आलं नाही. ग्रामसभेची संमती हवी अशी एक दुरुस्ती विरोधकांनी दिली होती. पक्षाचा आदेश असा, की दुरुस्ती पाडायची आणि विधेयक मंजूर करायचं. मी चिठ्ठीवर लिहिलं: पहिलं मतदान लाल, दुसरं हिरवं.

मी वर प्रेक्षक कक्षात बसलो होतो. पण दुरुस्तीवर बटणं दाबायची वेळच आली नाही. ती आवाजी मतदानानंच फेटाळली गेली. मग घंटा वाजू लागली, दारं बंद झाली आणि थेट विधेयकावरच मतदान पुकारलं गेलं. म्हणजे माझ्या चिठ्ठीतलं दुसरं मतदान आता पहिलं झालं होतं. मी वरून काहीच करू शकत नव्हतो. भाऊंनी खाली पाहिलं, मग समोर पाहिलं आणि बटण दाबलं. मोठ्या फलकावर त्यांच्या जागेपाशी लाल उमटलं. आमच्या बाजूच्या सगळ्या हिरव्यात ते एकच लाल.

शेजारचे सदस्य त्यांच्या कानाशी लागले. मत दुरुस्त करण्यासाठी कागद मिळतो, तो कुणीतरी त्यांच्या पुढ्यात ठेवला. भाऊ तो कागद हातात धरून बसून राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मला फार लांब वाटला. शेवटी त्यांनी लिहून दिलं. मत हिरवं झालं.

पण फलकाचं चित्र तोवर जिल्ह्यात पोचलं होतं. चार दिवसांनी आम्ही तुमसरला रेल्वेतून उतरलो, तर फलाटावर नाकाडोंगरीची शंभरेक माणसं हार घेऊन उभी. भाऊंना बोलताही येईना, एवढे हार पडले.

एकानं मोठ्यानं विचारलं, "भाऊ, तुमी आमच्यासाठी पक्षाच्या विरोधात गेले ना?"

भाऊ म्हणाले, "हो... मंजे तसं नाही. बटण चुकलं होतं. मी मंग दुरुस्त केलं."

मागून एक म्हातारी पुढे आली. "चुकून पडलं म्हणता. मंग दुरुस्त कायले केलं, बाबू?"

भाऊंनी हात जोडले आणि स्टेशनबाहेरच्या जीपमध्ये जाऊन बसले. वाटेत चिठ्ठीची गोष्ट काढायची मी दोनदा ठरवली आणि दोनदा टाळली. ते खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या वेळी पक्षानं तिकीट दिलं नाही, कारण त्यांनी लाल दाबलं होतं. अपक्ष उभं राहायचा विचार केला, तर नाकाडोंगरीकडचे म्हणाले की यांनी हिरवं केलं. भाऊ एकोडीला परतले आणि धानाच्या शेतीला लागले. मी मोहाडीला आलो, पुन्हा टेबल टाकलं.

माझ्या चिठ्ठीमुळे एका माणसाचं राजकारण संपलं, हे मनात घेऊन मी बरीच वर्षं काढली. गेल्या उन्हाळ्यात मात्र राहवेना. एकोडीला गेलो. भाऊ अंगणात बाजेवर बसले होते. केस सगळे पांढरे, आवाज तोच. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं.

"भाऊ, ते बटण माझ्या चिठ्ठीनं चुकलं."

"कोणती चिठ्ठी?" ते म्हणाले. "मी वाचलीच नव्हती. चष्मा दुसऱ्या कोटात होता."

मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. "मग लाल कसं दाबलं?"

"घंटा वाजून राहिली होती. मले ते नाकाडोंगरीचे लोक दिसले. चहाचा कप हातात धरून बसले होते ना, तसेच." मग म्हणाले, "का मंग बोटच चुकलं असंन. आता आठवतो तं दोनी खरं वाटते."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी फोनवर मले म्हणाले होते, आज माह्या हातून काहीतरी होते बघ."

"मी असं म्हणलो?" भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. "मले तं फोन केल्याचंही आठवत नाही."

मी ज्याला माझी चूक समजत होतो, ती चूक होती की त्यांचा निर्णय होता की नुसतं बोट घसरलं होतं, याचा उलगडा करायला आलो होतो. आता तर माझ्याकडे एकाऐवजी तीन गोष्टी झाल्या. मग मी तो म्हातारीचा प्रश्न विचारला, दुरुस्त कायले केलं.

याला मात्र भाऊंना आठवावं लागलं नाही.

"भेव वाटला रे," ते म्हणाले. "सारे माह्याकडेच पाहून राहिले होते. तेवढं पक्कं आठवते."

वहिनींनी जेवायला वाढलं. शेतातल्याच तांदळाचा भात होता. भाऊंनी माझ्या मुलीच्या नोकरीची चौकशी केली, मोहाडीचा बाजार अजून तसाच भरतो का ते विचारलं. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी बायकोलेबी आण."

मी हो म्हणालो आणि बसथांब्याकडे चालू लागलो.