बिराजदार सरांनी न घेतलेला तास

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात इतिहास विभागाला एक खोली, एक टेबल आणि आम्ही तिघं. चहा आला की अभ्यासक्रम बाजूला! असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साठत जातात. बरेचसे हसत सांगता येतात. हे सांगताना मात्र माझा आवाज जरा खाली जातो.

*

सत्तरनंतरची ती वर्षं. बी.ए.ला अमेरिकेचा इतिहास होता. त्यात गुलामांच्या सुटकेसाठी हत्यार उचलणारा एक गोरा म्हातारा येतो. त्यानं माणसं कापली, स्वतःची पोरं घेऊन सरकारी शस्त्रागारावर चाल केली आणि शेवटी फासावर गेला. तो वेडा होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात.

आमचे विभागप्रमुख जोगळेकर सर म्हणायचे, "सोप्पं आहे! लेखक गुलाम राखणाऱ्या दक्षिणेतला असला तर वेडा, उत्तरेतला असला तर हुतात्मा. आपण सोलापूरचे, दोन्ही लिहायचं. फुल मार्क्स!"

*

सांगोल्याचा एक विद्यार्थी होता, दुष्काळी कामावर खडी फोडून शिकायला आलेला. त्यानं वर्गात जोगळेकर सरांना विचारलं, "सर, त्यो येडा हुता का न्हाय, ह्ये गुलामांना कुणी इचारलं का?"

जोगळेकर सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "प्रश्न अगदी बरोबर आहे. पण पेपरात लिहू नकोस. तपासणारे बाहेरचे असतात!"

*

बिराजदार सर आमच्यात सगळ्यात अभ्यासू. पण हा धडा आला की दरवर्षी मला म्हणायचे, "तेवढा तास तुम्ही घ्या की."

एकदा मी चेष्टेनं म्हणालो, "काय हो, तो म्हातारा तुमचा पाहुणा लागतो का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माझा थोरला भाऊ वेड्यांच्या इस्पितळात आहे," म्हणाले.

*

मग त्यांनीच सांगितलं. गाव अक्कलकोटकडचं. चुलत्यानं पळालेल्या सालगड्याला धरून आणलं आणि गोठ्यात कोंडून कुलूप घातलं. अण्णांनी, म्हणजे थोरल्या भावानं, हात जोडून किल्ली मागितली. मिळाली नाही. तेव्हा कुऱ्हाडीनं कुलूप तोडलं. चुलता आडवा आला, त्याच्यावरही तीच कुऱ्हाड पडली. सालगडी सुटला, चुलता गेला.

वकील म्हणाला, "वेडा ठरला तरच फाशी टळेल." घरात शिकलेले एकटे बिराजदार. त्यांनी साक्ष दिली, "लहानपणापासूनच डोकं ठिकाणावर नाही."

अण्णा आरोपीच्या पिंजऱ्यातून ओरडले, "सायेब, मी येडा न्हाय! शुद्धीत हाणलंय!"

वकील लगेच उठला, "पाहिलंत साहेब? वेडा माणूस असंच म्हणतो!"

केस जिंकली.

*

काही वर्षांनी अण्णा इस्पितळातून सुटून सोलापुरात भावाकडे आले. एकदा बिराजदार त्यांना कॉलेज दाखवायला घेऊन आले. सर प्राचार्यांकडे गेले, तेवढ्यात अण्णा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. टोपी मांडीवर. मी नेमका तोच धडा घेत होतो. मध्येच थांबवेना.

तास संपला, पोरं गेली. अण्णा पुढं आले. बिराजदार दारात उभे होते.

"गुरुजी, त्या म्हाताऱ्याला घरच्यांनीच येडा म्हणून सांगितलं?"

"हो अण्णा. जीव वाचावा म्हणून."

"आन त्यो न्हाय म्हणला?"

"हो. शुद्धीवर आहे म्हणाला."

"मग?"

"फाशी दिली."

अण्णांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"म्हंजी, त्येचं खरं मानलं की!"