मुळांतली बुरशी आणि चढता आकडा

काजूच्या मुळांतल्या बुरशीवरचा माझा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा संकेतस्थळावर त्याच्या शेजारी एक छोटा आकडा दिसू लागला. इंटरनेटवर किती जणांनी निबंधाची दखल घेतली, ते तो सांगतो. कित्येक महिने तो जागचा हललाच नाही. मातीखालचं कोण बघतंय, अशी मी मनाची समजूत घातली होती.

परवा सकाळी पाहिलं, तर तो भराभर चढत होता. आधी मी हरखले. मग कारण सापडलं. कुणीतरी माझ्या निबंधाचा दुवा देऊन व्हिडिओ केला होता, 'काजूच्या मुळांना बुरशी लागलीय, संशोधनात सिद्ध!' आणि लोक तो पुढे पाठवत होते.

तेवढ्यात सुलभाताईंचा फोन आला. त्यांच्याच बागेतून मी मुळं आणली होती.

"मॅडम, बुरशीवरचं औषध कालवून ठेवलंय. ओतू ना मुळांत?"

"नका ओतू!" मी ओरडलेच. "ती बुरशी झाडाला पाणी पोचवते, ताई. झाड तिच्या जिवावर जगतंय."

पलीकडे त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, थांबा!" मग मला म्हणाल्या, "बरं झालं विचारलं."

त्यांच्याकडे माझा नंबर होता. बाकीच्यांचं काय?

व्हिडिओखाली मी खरं काय ते लिहिलं. थोड्या वेळाने आकडा आणखी वाढला. माझं लिहिलेलं वाचून वाढला की व्हिडिओ बघून कुणी औषधाची बादली घेऊन बागेकडे निघालं होतं, हे त्यावरून कळत नव्हतं.