आधी पक्कं, मग बोलणं

व्हर्नन लुंडक्विस्टला स्पॅनिश येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या रॉकफर्ड शहरात संध्याकाळच्या नवशिक्यांच्या वर्गात लेखी परीक्षेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तोंड मात्र उघडेल तर शपथ! सगळा जन्म लेथवर गेलेला. दोनदा मोजल्याशिवाय पोलादाला हत्यार लावायचं नाही हा बाणा. भाषेलाही त्यानं तोच न्याय लावला.

शिकायचं कारण एकच, विहीणबाई. सून मारिबेलची आई एलोदिया. व्हर्ननची बायको कर्करोगानं अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हगणंमुतणं या बाईनं काढलं, कधी नाक मुरडलं नाही. तिचे आभार तिच्याच भाषेत मानायचे होते, आणि तेही नीट. वर्गाचं त्यानं घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. एकदम बोलून चकित करायचं होतं.

एलोदियाची तऱ्हा उलटी. वर्गाची पायरी कधी चढली नाही, पण रविवारी व्हर्ननच्या पोराकडे सगळे जेवायला जमले की आपलं फुटकं इंग्रजी बिनधास्त ठोकून द्यायची. "व्याही, तू खाणे! तू नुसता हाड!" असं म्हणत त्याच्या ताटात मक्याच्या पिठाचं आणखी एक वाफाळतं तामाले टाकायची आणि स्वतःच खो खो हसायची. व्हर्नन खाली बघून मनात वाक्य जुळवायचा. एखादं क्रियापद डळमळलं की घासाबरोबर गिळून टाकायचा.

वर्गातल्या डोहर्टी बाई वैतागायच्या. "अहो, चुका करा ना! कुणी पाण्यात पडून शिकतं, कुणी काठावरून बघून, कबूल. पण तुम्ही काठावर घरच बांधलंत!"

"भूतकाळ पक्का होऊ दे, बाई. मग बोलतो."

अरे गृहस्था, आभाराला कसला आलाय व्याकरणाचा मुहूर्त!

फेब्रुवारीत एलोदिया बसल्या जागी गेली. हृदय बंद पडलं.

दफन आटोपल्यावर व्हर्ननला राहवेना. स्वयंपाकघरात मारिबेलला गाठून त्यानं ते वाक्य म्हटलं, अस्सल स्पॅनिशमध्ये, कुठेही न अडखळता. "तुझ्या आईनं माझ्या बायकोला सांभाळलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

मारिबेलच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "पप्पा, तुम्हाला येतं? कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

तिनं भांडं ओट्यावर ठेवलं. "तुम्ही गेलात की आई दर रविवारी मला विचारायची, 'तुझ्या सासऱ्याला माझा एवढा कसला राग आहे गं?'"